कणगीपासून पाकिटापर्यंत : मांजराच्या कोरड्या खाद्याचा आणि वाढत्या वजनाचा इतिहास

थ्रेड 🧵

१/ संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचे गाव आहे. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी येथे उत्खनन केले. तांबड्या भांड्यांवर काळ्या रंगाची नक्षी काढणाऱ्या, इ.स.पू. १४०० ते ७०० या काळात महाराष्ट्रभर पसरलेल्या शेतकरी संस्कृतीला याच गावावरून ‘जोर्वे संस्कृती’ हे नाव मिळाले.

२/ याच संस्कृतीचे सर्वाधिक अभ्यासलेले गाव म्हणजे पुणे जिल्ह्यातील घोड नदीकाठचे इनामगाव. तेथील घरांत आणि घरांलगत धान्य साठवण्याच्या सोयी आढळल्या. सातू हे तेथील प्रमुख पीक होते. दख्खनमधला माणूस आता पुढच्या हंगामापर्यंत पुरेल इतके धान्य राखून ठेवू लागला होता.

३/ धान्याचा साठा झाला की उंदीर येतात आणि उंदीर आले की मांजर येते. जगभर हाच क्रम दिसतो. सायप्रस बेटावरील शिलूरोकांबोस येथे माणसाच्या शेजारी पुरलेले मांजर सापडले असून ते सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीचे आहे. ज्याँ-देनी व्हिन्य आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये हा शोध प्रसिद्ध केला. कुत्र्याला माणसाने शिकारीसाठी जवळ केले. मांजर धान्याच्या कोठारामागून आपण होऊन आले.

४/ या सोबतीत एक अलिखित करार होता. धान्य माणसाने खावे, उंदीर मांजराने. कणगी, बळद, पेव हे शब्द ज्या घरांत रोजचे होते, तेथे मांजराला वेगळे खाद्य विकत आणण्याची कल्पनाच कोणाला सुचली नसती. मांजराला धान्याची गरज नव्हती. त्याला धान्य खाणारा प्राणी हवा होता.

५/ हा मुद्दा पुढील संपूर्ण इतिहासाची किल्ली आहे. एका उंदरातून सुमारे ३० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. चार किलो वजनाच्या मांजराला दिवसाला सात-आठ उंदीर पुरतात. म्हणजे दिवसभरात विखुरलेली अनेक लहान जेवणे, आणि प्रत्येक जेवणाआधी दबा धरणे, झेप घेणे, पाठलाग करणे.

६/ मोकाट मांजरांच्या आहारावरील अभ्यासांचे २०११ मध्ये एकत्रित विश्लेषण झाले. त्यांच्या आहारातील सुमारे ५२ टक्के ऊर्जा प्रथिनांतून, ४६ टक्के स्निग्धांशातून आणि केवळ २ टक्के कर्बोदकांतून येते, असे त्यात आढळले. शिवाय उंदराच्या शरीरात सुमारे ७० टक्के पाणी असते. वाळवंटी पूर्वजांचा वारसा असलेले मांजर पाणी बेताचेच पिते. ते बहुतांश भक्ष्यातूनच मिळवते.

७/ मराठी घरात मांजराला उंदराखेरीज आणखी एक गोष्ट मिळे : दूध. तेही क्वचित. दुधाचे भांडे शिंक्यावर टांगलेले असे, म्हणूनच ‘शिंक्याचे तुटले आणि मांजराचे फावले’ ही म्हण जन्मली. शिंके हे मांजराचे रेशनिंगच होते. फावणे हा अपवाद होता, नित्यक्रम नव्हता.

८/ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हे चित्र पालटले. १९७० मध्ये देशात दुग्धक्रांतीची ‘ऑपरेशन फ्लड’ योजना सुरू झाली. पुढे सहकारी दूध संघ आणि संकरित गाई यांच्या जोरावर संगमनेर तालुक्याची ओळखच दुधाची झाली. ज्या परिसरात पहाटे संकलन केंद्रांवर दुधाच्या रांगा लागतात, तेथे घरच्या मांजरापुढे वाटीभर दूध ठेवणे ही सहज माया ठरली.

९/ या मायेचे गणित मात्र पाहण्यासारखे आहे. १०० मिलिलिटर गाईच्या दुधात सुमारे ६५ किलोकॅलरी असतात. चार किलोच्या मांजराची विश्रांती अवस्थेतील दिवसाची गरज सुमारे २०० किलोकॅलरी असते. एक वाटी दूध म्हणजे त्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा. अनेक प्रौढ मांजरांना दुधातील शर्करा पचत नाही, ही गोष्ट वेगळीच.

१०/ आता कोरड्या खाद्याकडे. एकोणिसाव्या शतकातील लंडनमध्ये घोड्याच्या मांसाचे तुकडे काडीला टोचून दारोदार विकणारे फेरीवाले होते. त्यांचे गिऱ्हाईक म्हणजे मांजरे पाळणारी घरे. हेन्री मेह्यू या पत्रकाराने त्यांचे वर्णन करून ठेवले आहे. मांजरासाठी विकत आणलेले खाद्य तेव्हाही मांसच होते.

११/ त्याच शहरात १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट हा अमेरिकन व्यापारी आला. जहाजावरील कडक बिस्किटे गोदीतील कुत्री खाताना पाहून त्याला कुत्र्यांच्या बिस्किटाची कल्पना सुचली, अशी आख्यायिका आहे. धान्याचे पीठ, भाज्या आणि मांस यांपासून त्याने बिस्किटे बनवली आणि कारखान्यात तयार होणाऱ्या, महिनोन्‌महिने टिकणाऱ्या प्राणिखाद्याचा पाया घातला गेला. या खाद्याचा पहिला गुण पोषण नव्हता, टिकाऊपणा होता.

१२/ १९२२ मध्ये अमेरिकेत चॅपल बंधूंनी घोड्याच्या मांसाचे डबाबंद खाद्य बाजारात आणले आणि काही काळ डब्यांचेच राज्य राहिले. मग दुसरे महायुद्ध आले. कथील आणि पत्रा युद्धासाठी राखून ठेवण्यात आला. प्राण्यांच्या खाद्यासाठी डबा मिळेना, तेव्हा उत्पादक कागदी पिशवीत भरता येणाऱ्या कोरड्या खाद्याकडे वळले. मांजराच्या ताटलीतील पदार्थ बदलण्यामागे मांजराच्या प्रकृतीचा विचार नव्हता. रणांगणाची गरज होती.

१३/ युद्धानंतर दोन घटना जवळजवळ लागोपाठ घडल्या. १९४७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात एडवर्ड लोव याने शेजारणीला मांजराच्या मलमूत्रासाठी राखेऐवजी शोषक मातीचे दाणे दिले. त्यातून ‘किटी लिटर’चा व्यवसाय उभा राहिला. मांजराला बाहेर सोडण्याची गरज संपली. ते चोवीस तास घरात राहू लागले आणि त्याची शिकार संपली.

१४/ दुसरी घटना १९५७ ची. सेंट लुईसच्या राल्स्टन प्युरिना कंपनीने एक्सट्रुजन या यंत्रप्रक्रियेने बनवलेले कुत्र्यांचे खाद्य बाजारात आणले. न्याहारीचे धान्यपदार्थ बनवण्याच्या तंत्रातून ही कल्पना आली होती. पुढच्या दशकात मांजरांचे खाद्यही त्याच मार्गाने बनू लागले.

१५/ एक्सट्रुजन समजून घ्यायला मराठी स्वयंपाकघरातला सोऱ्या पुरेसा आहे. चकलीचे पीठ सोऱ्यातून दाबले की साच्याच्या आकाराने बाहेर पडते. येथे पीठ, मांसाची भुकटी आणि पाणी यांचे मिश्रण वाफेत शिजते, प्रचंड दाबाखाली साच्यातून बाहेर येते आणि दाब एकदम सुटताच फुलते. मग ते वाळवून त्यावर चरबी आणि चवीचा फवारा मारतात.

१६/ पण दाणा फुलण्यासाठी आणि आकार धरून ठेवण्यासाठी पिष्टमय पदार्थ लागतो. मका, तांदूळ, गहू, बटाटा किंवा वाटाणा यांपैकी काही ना काही घालावेच लागते. कोरड्या खाद्यात साधारण तिसरा हिस्सा कर्बोदके सहज आढळतात, त्याचे कारण येथे आहे. मांजराने धान्य मागितले नव्हते. ते यंत्राने मागितले.

१७/ टिकाऊपणाने आणखी एक सवय लावली. मांस काही तासांत खराब होते, म्हणून ते मोजून वाढले जाई. कोरडा दाणा दिवसभर भांड्यात राहू शकतो. भांडे भरून ठेवावे आणि मांजराने हवे तेव्हा खावे, ही पद्धत रूढ झाली. शिंके कायमचेच तुटले, असे म्हणता येईल.

१८/ यात नसबंदीची भर पडली. ती आवश्यक आणि हितकारक आहे; तिने मोकाट पिलांचे हाल टळतात. परंतु तिच्यानंतर मांजराची ऊर्जेची गरज सुमारे २० ते ३० टक्क्यांनी घटते आणि भूक मात्र वाढते. घरबंद जीवन, भरलेले भांडे, चरबीचा फवारा असलेला दाणा आणि घटलेली गरज : वाढत्या वजनाची चारही कारणे विसाव्या शतकात एकत्र आली.

१९/ परिणाम केवळ दिसण्याचा नव्हता. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात लठ्ठ मांजरांना मधुमेह होण्याची शक्यता योग्य वजनाच्या मांजरांच्या सुमारे चौपट आढळली. लंगडणे आणि त्वचेच्या तक्रारीही अधिक दिसल्या. उंदराच्या मापाने घडलेले शरीर गोदामाच्या मापाने वाढलेले अन्न पेलू शकत नव्हते.

२०/ कारखान्याचे खाद्य अपुरे ठरण्याचा सर्वांत मोठा धडा १९८७ मध्ये मिळाला. कॅलिफोर्निया विद्यापीठातील पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दाखवले की मांजरांमधील हृदयविकाराच्या एका घातक प्रकारामागे टॉरिन या घटकाची कमतरता होती. टॉरिन मांसात असते. मांजराचे शरीर ते पुरेसे बनवू शकत नाही. खाद्यात टॉरिन वाढवताच तो विकार दुर्मीळ झाला.

२१/ म्हणूनच पाकिटावर पहिली गोष्ट पाहायची ती ही : हे ‘प्रौढ मांजरांसाठी संपूर्ण व संतुलित’ खाद्य आहे का? कुत्र्याचे खाद्य, कितीही उत्तम असले तरी, मांजराला चालत नाही. नुसत्या दूध-भाकरीवरही मांजराचे भागत नाही. ही अट पूर्ण झाल्यावरच वजनाचा विचार सुरू होतो.

२२/ वजन मोजण्याआधी मांजर जाड आहे हे ठरवायचे कसे? १९९७ मध्ये डॉटी लाफ्लाम या पशुवैद्यक संशोधिकेने मांजरांसाठी नऊ अंकी देहस्थिती-मापन तयार केले. पाच म्हणजे आदर्श. बरगड्यांवरून हात फिरवल्यास त्या सहज जाणवाव्यात, वरून पाहिल्यास कंबर दिसावी. बरगड्या चाचपडाव्या लागत असतील आणि पोट गोल झाले असेल, तर अंक सात किंवा त्याहून वर आहे.

२३/ पुढचा प्रश्न : किती ऊर्जा द्यायची? त्याचे उत्तर १९३२ मध्ये मॅक्स क्लायबर यांनी घालून दिलेल्या नियमावर उभे आहे. प्राण्याची ऊर्जेची गरज वजनाच्या सरळ प्रमाणात नव्हे, तर वजनाच्या पाऊण घातांकाच्या प्रमाणात वाढते. मोबाइलवरही हे करता येते : आदर्श वजनाचा घन करावा, त्याचे वर्गमूळ दोनदा घ्यावे आणि ७० ने गुणावे.

२४/ उदाहरणार्थ, मांजर ५.२ किलोचे आहे आणि आदर्श वजन ४ किलो आहे. ४ चा घन ६४; त्याचे वर्गमूळ ८; पुन्हा वर्गमूळ २.८३, गुणिले ७० म्हणजे सुमारे १९८ किलोकॅलरी. वजन उतरवताना पशुवैद्य बहुधा याच्या ८० टक्क्यांपासून, म्हणजे सुमारे १६० किलोकॅलरींपासून, सुरुवात करतात. हिशेब आजच्या वजनावर नव्हे, आदर्श वजनावर होतो.

२५/ तिसरा प्रश्न : पाकिटातील दाण्यात ऊर्जा किती? अनेक पाकिटांवर ती छापलेली असते. नसेल तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर ॲटवॉटर यांनी मानवी अन्नासाठी बांधलेले गणित कामी येते. प्राणिखाद्यासाठी त्याचे सुधारित आकडे असे : प्रथिने व कर्बोदके यांच्या प्रत्येक ग्रॅमला ३.५ आणि स्निग्धांशाच्या प्रत्येक ग्रॅमला ८.५ किलोकॅलरी.

२६/ कर्बोदकांचा आकडा पाकिटावर सहसा नसतो. १०० मधून प्रथिने, स्निग्धांश, तंतू, ओलावा आणि राख वजा केल्यास तो मिळतो. राखही छापलेली नसेल तर ८ धरावी. समजा तीन पाकिटे आहेत. पहिले नेहमीचे : प्रथिने ३०, स्निग्धांश १८, तंतू ३, ओलावा ८, राख ८; उरलेली कर्बोदके ३३. ऊर्जा १०० ग्रॅममागे सुमारे ३७४ किलोकॅलरी.

२७/ दुसऱ्या पाकिटावर ‘लाइट’ लिहिले आहे : प्रथिने ३०, स्निग्धांश १०, तंतू ४, ओलावा १०, राख ८, कर्बोदके ३८. ऊर्जा ३२३. तिसरे : प्रथिने ३८, स्निग्धांश १०, तंतू ६, ओलावा १०, राख ८; कर्बोदके २८. ऊर्जा ३१६. अमेरिकी नियमांनुसार मांजराच्या कोरड्या खाद्याला ‘लाइट’ म्हणण्यासाठी किलोमागे ३,२५० किलोकॅलरींची मर्यादा आहे. दुसरे आणि तिसरे, दोन्ही तीत बसतात.

२८/ मग फरक कोठे? १६० किलोकॅलरी दोन्हींच्या जवळपास ५० ग्रॅम दाण्यांत मिळतात. पण त्या ५० ग्रॅममधून दुसरे पाकीट १५ ग्रॅम प्रथिने देते, तिसरे १९ ग्रॅम. पहिले निवडले तर केवळ ४३ ग्रॅम दाणे द्यावे लागतात आणि प्रथिने १३ ग्रॅमच मिळतात. नेहमीचेच खाद्य निम्मे करण्याचा घरगुती उपाय फसतो तो यामुळे : ऊर्जेबरोबर प्रथिने आणि जीवनसत्त्वेही कापली जातात.

२९/ २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की अधिक प्रथिने असलेल्या आहारावर वजन उतरवणाऱ्या मांजरांची चरबी अधिक घटली आणि स्नायू अधिक टिकले. तंतू पोट भरल्याची भावना देण्यास मदत करतात. तेव्हा वजनासाठी खाद्य निवडताना क्रम असा : संपूर्ण व संतुलित असणे, ऊर्जा कमी, प्रथिने भरपूर, तंतू बेताने अधिक. ‘धान्यविरहित’ हा शब्द फसवा ठरू शकतो; तेथे धान्याची जागा बहुधा बटाटा किंवा वाटाणा घेतो.

३०/ आता मोजमाप. पेल्याच्या मापात दाणे घातले की पाच-दहा ग्रॅम इकडचे तिकडे सहज होतात. ५० ग्रॅममध्ये १० ग्रॅमची चूक म्हणजे २० टक्के. उतरणारे वजन तेथेच थांबते. किराणा मोजण्याचा साधा डिजिटल काटा येथे कोणत्याही महागड्या पाकिटापेक्षा उपयोगी पडतो. दिवसाचे दाणे सकाळीच मोजून एका डब्यात काढावेत आणि त्यातूनच तीन-चार वेळा थोडे थोडे द्यावेत. मऊ ओले खाद्य किंवा माशाचा तुकडा दिला, तर तेवढी ऊर्जा दाण्यांतून वजा करावी.

३१/ दुधाची वाटी या हिशेबात बसत नाही. १६० किलोकॅलरींच्या दिवसात ६५ किलोकॅलरींचे दूध म्हणजे ४० टक्के वाटा. घरात आजी दूध देतात, मुले दाणे देतात आणि शेजारी मासळी देतात, अशी स्थिती असेल तर पाकीट बदलून काहीही साधत नाही. सर्वांनी मिळून एकच डबा वापरणे हा निर्णय खाद्याच्या निवडीइतकाच मोलाचा आहे. पाण्याची भांडी मात्र घरात दोन-तीन ठिकाणी भरलेली असावीत. कोरड्या दाण्यात पाणी जेमतेम १० टक्के असते.

३२/ महाबलीपुरमच्या सातव्या शतकातील भव्य शिल्पपटात एक मांजर उभे राहून तप करताना दिसते. पायाशी उंदीर निर्धास्त बसले आहेत. दांभिकांसाठी ‘बिडालव्रत’ हा शब्द याच कल्पनेतला. मांजर उपवास करणार नाही, हे प्राचीन लोकांनी विनोदाने ओळखले होते. आधुनिक वैद्यकाने त्यामागचे गंभीर सत्य सांगितले : मांजराने उपवास करूच नये.

३३/ जाड मांजर काही दिवस उपाशी राहिले तर शरीरातील चरबी यकृतात झपाट्याने साचते आणि यकृत निकामी होऊ लागते. हा विकार जीवघेणा आहे. म्हणून ‘भूक लागली की खाईल’ म्हणून नवे खाद्य लादणे धोक्याचे. जुन्या दाण्यांत नवे थोडे थोडे मिसळत सात ते दहा दिवसांत बदल करावा. मांजराने चोवीस तास काहीच खाल्ले नाही, तर पशुवैद्याला दाखवावे.

३४/ वजन आठवड्याला अर्धा ते दोन टक्के उतरणे सुरक्षित मानले जाते. ५.२ किलोच्या मांजरासाठी आठवड्याला साधारण ५० ग्रॅम. १.२ किलो उतरायला सुमारे सहा महिने लागतात. दर पंधरा दिवसांनी वजन नोंदवावे : मांजराला घेऊन काट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करावे, लहान मुलांचा काटा मिळाल्यास अधिक बरे. आरंभी पशुवैद्याकडून मधुमेह, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांची तपासणी करून घ्यावी, कारण काही आजारांत खाद्याची निवडच बदलते.

३५/ राहिली शिकार. जोर्व्याच्या काळात घास मिळण्याआधी झेप होती. ती घरातही परत आणता येते : दाणे एकाच भांड्यात न ठेवता चार कोपऱ्यांत ठेवणे, पुठ्ठ्याच्या खोक्याला भोके पाडून त्यात दाणे लपवणे, जेवणाआधी दोरीने पाच मिनिटे खेळवणे. खर्च शून्य, पण दिवसातील सात-आठ लहान जेवणांची जुनी लय त्यातून पुन्हा जुळते.

३६/ सारांश. कोरड्या खाद्याचा दाणा जहाजाच्या बिस्किटातून, युद्धातील पत्र्याच्या टंचाईतून आणि न्याहारीच्या यंत्रातून घडला. तो वाईट नाही. स्वस्त, स्वच्छ आणि टिकाऊ आहे, आणि त्याने असंख्य मांजरांचे पोषण केले आहे. पण त्याचे माप माणसाच्या सोयीने ठरले. मांजराच्या वजनासाठी पाकीट निवडणे म्हणजे ते माप पुन्हा उंदराजवळ नेणे : प्रथिने अधिक, ऊर्जा मोजकी, घास लहान आणि प्रत्येक घासाआधी थोडी धावपळ.

#मराठी #इतिहास #संगमनेर #थ्रेड